झाकणावरचा गुलाल

आजवर कुणालाही न सांगितलेली गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं लपवायला काही उरणार नाही. थोरल्या भावाच्या वतीनं मी जोतिबाचे पाचही खेटे पायी घातले, असं आमचं घर, आमची गल्ली आणि भावाची सासुरवाडी मानते. त्यातला एकच खेटा मी चालत घातला. उरलेले मोटरसायकलवरून. मोटरसायकलही भावाचीच.

आमच्याकडं माघातल्या पाच रविवारी माणसं कोल्हापुरातनं अनवाणी निघतात, पंचगंगेवर अंग ओलं करतात आणि वडणगे, निगवे, कुशिरे करत जोतिबाचा डोंगर चढतात. याला खेटे घालणं म्हणतात. दादानं मिसरूड फुटल्यापासून एकही खेटा चुकवला नव्हता. गुडघे बदलायची पाळी आली तेव्हा डॉक्टर म्हणाले, डोंगर चढून चढून झिजलेत. दादा बाहेर येऊन म्हणाला, "डॉक्टर पुण्याचा दिसतोय."

ऑपरेशन नेमकं माघाच्या तोंडावर आलं. दवाखान्यात पडल्या पडल्या दादानं मला दोन कामं सांगितली. पहिलं, "यंदाचे माझे खेटे तू घाल." दुसरं, "गाडी आठवड्यातनं एकदा फिरवून आण. उभी राहिली की टाकी गंजती. आणि टाकी भरलेली ठेव."

गाडी म्हणजे त्याची जुनी टू-स्ट्रोक मोटरसायकल. लग्नाआधी घेतलेली. वहिनींना बघायला तो याच गाडीवरून गेलता आणि गाडीचा आवाज ऐकूनच आपण होकार दिला असं वहिनी सांगतात. दादाला आधी बघितलं असतं तर काय, हे त्या सांगत नाहीत. त्या दिवसांत दादाच्या बोळात ड्रेनेजची पाइप टाकायला चर खणला होता. चर खणणारे खणून गेले होते आणि बुजवणारे अजून जन्माला यायचे होते. म्हणून गाडी माझ्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये आणून लावली होती. चावी माझ्याकडं.

पहिल्या रविवारी मी चाललो. खोटं बोलत नाही, तो एक खेटा खरा आहे. मी पतसंस्थेत खुर्चीवर बसणारा माणूस. कुशिऱ्यापर्यंत माझ्या तळपायांनी मला माझ्या आयुष्याचा हिशेब विचारला. सत्तरीच्या बायका मला मागं टाकून चांगभलं म्हणत पुढं जात होत्या आणि जाता जाता धीर देत होत्या, "चला पावणं, आलंच की!" ते काही आलं नव्हतं. घरी परतल्यावर पुढचे चार दिवस मी ऑफिसात चपला न घालता टेबलाखाली पाय लपवून बसलो.

दुसऱ्या रविवारी पहाटे उठलो आणि पार्किंगमध्ये उभा राहिलो. समोर गाडी. गाडी आठवड्यातनं एकदा फिरवायची होती. खेटाही आठवड्यातनं एकदा घालायचा होता. मी थोरल्या भावाच्या दोन्ही आज्ञा एकाच फेरीत पाळल्या.

पद्धत बसवून टाकली. केर्लीवरून गाडीरस्त्यानं डोंगर चढायचा, शेवटच्या वळणाच्या अलीकडं चहाच्या टपरीमागं गाडी लावायची, चपला पिशवीत घालून हँडलला अडकवायच्या आणि तिथून अनवाणी देवळात जायचं. पायांना धूळ लागावी म्हणून डांबर सोडून मी मुद्दाम मातीतनं चालत असे. पूर्ण खोटेपणा मला कधी जमला नाही. मी सगळ्याच गोष्टी अर्धवट करणारा माणूस आहे. दर्शन घ्यायचं, गुलाल-खोबरं घ्यायचं आणि लवकर पोचलो म्हणून संशय नको, यासाठी खाली येऊन पंचगंगेच्या घाटावर उन्हं चढेपर्यंत बसून राहायचं. खरे चालणारे परत येऊ लागले की त्यांच्यात मिसळून, जरा लंगडत, दादाच्या घरी.

दादाच्या घरी त्यानंतर जे घडायचं त्यासाठी मी तयार नव्हतो. खेटा घालून आलेल्या माणसाचे पाय धुतात. वहिनी कोमट पाणी घेऊन यायच्या. दादाला वाकता येत नव्हतं, तर तो म्हणायचा, "पाय स्टुलावर ठेव." मग खुर्चीत बसल्या बसल्या माझ्या पायांना हात लावून तो हात कपाळाला लावायचा. माझ्याहून दहा वर्षांनी मोठा माणूस. लहानपणी त्यानं मला ज्या हातानं बदडलं तोच हात.

"भावजी, देवानं राखलंय हो तुमाला," वहिनी म्हणाल्या. "एक फोड न्हाई पायाला! गेल्या रईवारी तर चाळण झालती."

"श्रद्धा बसली की फोड येत न्हाईत," दादा म्हणाला. मग स्वतःच्या पायांकडं बघून म्हणाला, "मला दरसाल यायचे. माझीच कमी पडत असंल."

तिथं बोलायला हवं होतं. मी पाय पुसले.

मी कमी बोलतो. आमच्या घरात ही माझी ख्याती आहे. लोक गप्प माणसाला सज्जन समजतात, हा समाजाचा फार जुना गैरसमज आहे आणि मी त्याच्यावर आयुष्यभर जगलो आहे. बडबड्या माणसाचं खोटं तोंडातनं सांडतं. गप्प माणसाचं आत मुरतं आणि वरून तो गंभीर दिसतो.

पाचव्या रविवारी टाकी काठोकाठ भरून घेतली. गाडी लवकरच दादाकडं परत जाणार होती आणि पेट्रोल कमी दिसू नये अशी माझी काळजी. माणूस एकदा चोर झाला की जास्तच नीटनेटका होतो. घाट चढताना टाकी हिंदकळली आणि झाकणाच्या मधोमध जे सुईएवढं भोक असतं त्यातनं पेट्रोल माझ्या पांढऱ्या विजारीवर आलं. भर मांडीवर. आता खेट्याहून आलेल्या माणसाला धुपाचा वास यावा, घामाचा यावा, फार तर चहाभज्यांचा यावा. पेट्रोलचा कसा येणार? टपरीमागं नळ होता, नळापाशी हात धुवायचा साबण होता. विजार साबणानं खसाखसा धुतली. हातात साबण होताच. ट्रकवाले गळकी टाकी साबणानं बुजवतात हे मी कुठंतरी बघितलं होतं. परतताना पुन्हा सांडायला नको म्हणून नखानं साबण खरवडला आणि झाकणाच्या भोकात ठासून भरला. वरून अंगठ्यानं सारवला. काम छान झालं. माझ्या हातून यंत्राचं झालेलं हे आयुष्यातलं एकमेव यशस्वी काम.

खाली उतरताना पंचगंगेच्या पुलाच्या अलीकडं गाडीनं दोन उचक्या दिल्या. मला वाटलं, देव रागावला. मी मनात चांगभलं म्हणालो, उतारावर गाडी तशीच घरंगळत आणली आणि पार्किंगमध्ये लावून टाकली.

आठवडाभरानं चर बुजला आणि गाडी दादाच्या दारात गेली. दादा काठी टेकत बाहेर आला. पाचव्या खेट्याचा गुलाल त्यानं पुडीत जपून ठेवला होता. तो त्यानं पाण्यात कालवला आणि गाडीच्या टाकीच्या झाकणावर, बरोबर मधोमध, बोटानं जाड लावला.

"देवाचा हाय," गल्लीतल्या पोरांना तो म्हणाला. "पुसायचा न्हाय कुणी."

कुणीही पुसला नाही.

पावसाळा सरल्यावर दादाला गाडी चालवायची परवानगी मिळाली. किक मारायची नाही एवढीच अट. म्हणून किक मारायला मी आणि मग मागं बसायलाही मी. दादाचा बेत एकच होता. नवे गुडघे देवाला दाखवून यायचे. कुणाच्या मोटारीतनं नाही, स्वतःच्या गाडीवरनं, स्वतः चालवत. "तू चालत गेलास माझ्यासाठी," तो मला म्हणाला, "मी गाडीवरनं तरी जातो."

निघालो. गाडी झकास चालू झाली, पूल ओलांडला, वडणगे फाट्याच्या पुढं जाऊन उचक्या देऊ लागली आणि बंद पडली. मी किका मारल्या. नाही. दादानं टाकीचं झाकण उघडून आत बघितलं, गाडी डावीउजवीकडं हलवली, झाकण लावलं. परत किक. चालू! पुन्हा थोडं अंतर, पुन्हा बंद. आम्ही परत फिरलो.

आता दादाच्या गाडीचा डॉक्टर कोण हे सांगायला हवं. गल्लीच्या तोंडाला मिस्त्रींचं गॅरेज. मिस्त्री म्हणजे दादाचा शाळेपासूनचा दोस्त. दोघं एका तालमीत घुमले, एका बाकावर नापास झाले. रोज संध्याकाळी दादा गॅरेजसमोरच्या टायरवर जाऊन बसणार, मिस्त्री त्याला शिव्या देणार, दादा त्याला परत देणार आणि दोघांचा दिवस पार पडणार. ऑपरेशनच्या आधी मिस्त्रींनीच गाडीचं इंजिन खोललं होतं. बोअर मारलं, पिस्टन घातला, रिंगा घातल्या. मिस्त्री स्वभावानं नम्र अजिबात नव्हते. टू-स्ट्रोक म्हणजे कोल्हापुरात मी, सांगलीत कुणी न्हाय, पुण्याचं इचारू नका, असं ते गिऱ्हाईकाला सांगत.

"काय झालंय तिला?" मिस्त्रींनी गाडीकडं न बघता विचारलं.

"तुलाच ठावं. तूच खोललतीस की," दादा म्हणाला.

"मी खोललेली गाडी बंद पडत न्हाय. चालवणारा बंद पडतो. गुडघं तपास तुझं."

मिस्त्रींनी कार्बोरेटर उतरवला, जेट फुंकले. गॅरेजातल्या गॅरेजात तपासायची त्यांची एक पद्धत होती. टाकीची नळी काढायची, पेट्रोलची एक बाटली तारेला उलटी टांगायची, तिच्या बुडाला भोक आणि तिची नळी थेट कार्बोरेटरला. बाटलीवर गाडी तासभर फट्फट् करत उभी राहिली. एक उचकी नाही. मिस्त्रींनी हात पुसले. "ने. देवाला जा न्हायतर सासऱ्याकडं जा."

आम्ही देवाला निघालो आणि वडणगे फाट्याच्या पुढं थांबलो.

कोल्हापूरचा माणूस कुस्ती आणि दुसऱ्याची गाडी या दोन विषयांत जन्मजात जाणकार असतो. रस्त्याच्या कडेला गाडी उभी करून टाकीकडं नुसतं बघत राहा, पाच मिनिटांत वैद्यकीय मंडळ जमतं. दुधाचे कॅन घेऊन चाललेला एक जण थांबला. ऊस कापायचा कोयता सायकलला लावलेला एक जण थांबला. कोडोलीच्या लग्नाला निघालेलं एक अख्खं कुटुंब उतरलं, नवऱ्याच्या मामासकट.

"पेट्रोल हाय का?" पहिला प्रश्न प्रत्येकाचा हाच. आणि प्रत्येक जण स्वतः झाकण उघडून, एक डोळा मिटून, टाकीत बघून खात्री करायचा. दुसऱ्याच्या बघण्यावर कुणाचा विश्वास नाही.

मग दूधवाला म्हणाला, "नळी फुकायला पायजे." त्यानं नळी फुंकली, मी किक मारली, गाडी चालू. दूधवाला जगज्जेत्यासारखा निघून गेला. पुढं बंद पडली तेव्हा लग्नाचा मामा मागनं आला. त्यानं झाकण उघडून बघितलं आणि प्लगची टोपी काढून परत बसवली. चालू. तिसऱ्या खेपेला एका म्हाताऱ्यानं झाकण उघडलं, लावलं, हँडलला हात जोडले आणि म्हणाला, "आता मार." चालू! त्या एका दिवसात माझ्या डोळ्यांसमोर तीन शास्त्रं सिद्ध झाली. ज्यानं जे केलं त्यानं गाडी चालू झाली. आजही वडणगे फाट्याच्या आसपास तीन माणसं अशी असतील, जी गाडी बंद पडली की नळी फुंकतात, टोपी बसवतात किंवा हात जोडतात आणि पोरांना सांगतात, हाच उपाय.

गल्लीत निकालाला ऊत आला. कुणी म्हणालं पॉइंट. मिस्त्रींनी पॉइंट बदलले. कुणी म्हणालं कॉइल तापते. कॉइल बदलली. सायलेन्सर कार्बननं चोंदला असेल म्हणून मिस्त्रींनी तो गॅरेजमागं जाळून काढला आणि गल्लीतल्या सगळ्या बायकांच्या वाळत घातलेल्या कपड्यांना काळा वास लावला. प्लग तीनदा नवा. दर वेळी बाटलीवर गाडी गुणी पोरीसारखी उभी आणि दर वेळी फाट्यापुढं तीच रड. एक निवृत्त गुरुजी म्हणाले, "जागाच खराब असेल." त्यावर एक जण जाऊन फाट्याला लिंबू ठेवून आला. येताना त्याची स्वतःची गाडी पंक्चर झाली.

"टाकीत घाण हाय," शेवटी मिस्त्री म्हणाले. "बाटलीवर चालती, टाकीवर चालत न्हाय. म्हंजे टाकी."

माणूस योग्य दारापर्यंत आला होता. टाकी उतरवली. आत खडी आणि रॉकेल घालून दोघा पोरांनी ती बैलाच्या घुंगरासारखी हलवली. झाकणही रॉकेलात टाकायला मिस्त्रींनी हात पुढं केला.

"त्याला हात लावू नको," दादा म्हणाला. "गुलाल हाय देवाचा. रॉकेलात बुडवतोस व्हय?"

दादानं झाकण रुमालात गुंडाळलं आणि मांडीवर घेऊन टायरवर बसला. टाकी धुऊन होईपर्यंत तो ते लहान मुलासारखं धरून होता. मी शेजारी उभा होतो. तोवर मला खरंच काही कळलेलं नव्हतं. साबण मी विसरलो होतो. विसरणं माझ्या सोयीचं होतं, एवढंच.

टाकी धुतल्यावर निघालो त्या दिवशी कळलं. रस्त्याला माणूस नव्हतं. गाडी बंद पडली, दादानं झाकण फिरवलं आणि त्या शांततेत मला आवाज ऐकू आला. फुस्स. टाकीनं श्वास घेतला. बुडाला भोक पडलेल्या बाटलीचं वरचं बूच घट्ट लावलं की खालनं पाणी येत नाही, बूच उघडलं की येतं, तसं. टाकीत हवा जायची वाट म्हणजे ते सुईएवढं भोक, आणि ते मी बुजवलं होतं. माझ्या अंगठ्यानं सारवून. वरून देवाचा गुलाल.

"काय रं, काय झालं? तोंड का असं?" दादानं विचारलं.

"ऊन," मी म्हणालो.

साबण का भरला ते सांगायचं, तर विजारीवर पेट्रोल का सांडलं ते सांगावं लागणार. ते सांगायचं, तर खेट्याच्या दिवशी मी गाडीवर का होतो ते. आणि मग माझे पाय, ते स्टूल, तो कपाळाला लावलेला हात. एका साबणाच्या बोळ्यामागं एवढा मोठा डोंगर उभा होता. मी गुपचूप साबण काढून टाकायचं ठरवलं. सगळं आपोआप मिटेल. गप्प माणसाचा सगळा भरवसा आपोआप या शब्दावर असतो.

पण त्याच संध्याकाळी दादा गॅरेजसमोर उभा राहिला. टायरवर बसला नाही.

"माझ्यावर देव रुसलाय," तो म्हणाला, "न्हायतर तू चुकलायस. दोनच गोष्टी हायत."

तिसरी गोष्ट त्याच्या मागं उभी होती.

"आणि देव माझ्यावर रुसायचं कारण न्हाय," दादा पुढं म्हणाला. "माझ्या भावानं पाच खेटे घातलेत माझ्यासाठी. पायाला फोड आला न्हाय त्याच्या."

"म्हंजे मी चुकलो," मिस्त्री म्हणाले.

"हात गेलाय तुझा. म्हातारा झालास. मान्य कर की मर्दा."

हे त्यानं गल्लीच्या तोंडाला, गिऱ्हाईकांसमोर म्हटलं. एरवी ते एकमेकांना यापेक्षा वाईट बोलत. पण ते बोलताना दोघांपैकी एक तरी हसत असे. मिस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवला, गाडी स्टँडवरून उतरवली, ढकलत बोळात नेली आणि दादाच्या दारात लावून आले. येताना मला म्हणाले, "धाकलं, तुमच्या दादाला सांगा, ही गाडी माझ्या दारात परत आणू नका. आणि गाडीवाल्यानंबी येऊ नये."

आपला माणूस ते. मला कधी 'तुमचा दादा' म्हणाले नव्हते.

दादानं दुसऱ्या दिवशी उद्यमनगरातल्या एका नव्या मिस्त्रीकडं गाडी न्यायचं ठरवलं. आता जे मी केलं त्याला मूर्खपणा म्हणावा की आणखी काही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. दुपारी दादा जेवून झोपला असताना मी बोळात गेलो. वहिनींचा केसांचा आकडा फळीवर पडला होता. तो घेऊन झाकणातला साबण कोरून काढला. गुलालाच्या मधोमध सुईएवढं भोक मोकळं केलं, कुणाला दिसणार नाही असं. साबण कडक झाला होता आणि गुलालानं गुलाबी. मी तो गटारीत टाकला. आता गाडी चालेल, दादा खूश होईल, मिस्त्रींशी भांडण आपसूक विरेल, असं माझं गणित.

उद्यमनगरातल्या मिस्त्रीनं प्लग बदलला. फक्त प्लग. आणि गाडी केर्ली ओलांडून, घाट चढून, एक उचकी न देता जोतिबाच्या दारात जाऊन उभी राहिली.

दादा देवापुढं उभा राहिला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी बाजूला उभा राहून माझ्या पायांकडं बघत होतो. आणि परत आल्यावर त्यानं जे केलं ते मी स्वप्नातही धरलं नव्हतं. दादा गल्लीभर सांगत सुटला. "एक प्लग! एका प्लगानं काम! आणि ह्यानं माझं सगळं इंजिन धुतलं!" त्याला वाईट करायचं नव्हतं. त्याला आनंद झाला होता, आणि दादाचा आनंद नेहमीच मोठ्या आवाजात असतो. पण गल्ली ऐकत होती. मिस्त्रींचं गॅरेज दोन दुकानं सोडून होतं.

भांडण विरलं नाही. उलट त्याला पुरावा मिळाला, आणि तो मी केसांच्या आकड्यानं कोरून तयार करून दिला होता. साबण तसाच राहिला असता तर उद्यमनगरवालाही हरला असता, दोघं मिळून त्याला हसले असते आणि दादा टायरवर परत जाऊन बसला असता.

मिस्त्री आता जुन्या गाड्या घेत नाहीत. स्कूट्या धुतात, पंक्चर काढतात. टू-स्ट्रोक आली की म्हणतात, "उद्यमनगरला न्या, आमाला जमत न्हाय." सांगलीचं, पुण्याचं काही बोलत नाहीत. दादा संध्याकाळी घरातच बसतो. वहिनी म्हणतात, "गुडघं बरं झालं आणि माणूस बसून राहिला." टायर अजून तिथंच आहे. त्याच्यात पावसाचं पाणी साठतं.

परवा चहाच्या गाड्यावर मिस्त्री भेटले. मी चहा घेऊन सटकणार होतो. त्यांनी माझी बाही धरली.

"धाकलं, एक इचारू? खरं सांगा."

"विचारा की."

"त्यानं काय काढलं आतनं? उद्यमनगरवाल्यानं. कुणाला सांगत न्हाय मी. मला फक्त समजू दे."

त्यांच्या आवाजात भांडण नव्हतं. एवढे दिवस हा माणूस ती गाडी मनात खोलत होता, जोडत होता, परत खोलत होता.

"प्लग," मी म्हणालो.

"प्लग मी तीनदा बदलला," मिस्त्री म्हणाले. हातातला कप त्यांनी तसाच ठेवला. आपल्या दोन्ही तळव्यांकडं बघितलं, उलटे करून बघितलं, जसं प्लग कसा जळलाय ते बघतात तसं. "म्हंजे खरंच गेला हात."

आणि ते गेले. चहाचे पैसे द्यायचं विसरून. त्या गाड्यावर ते कधी विसरले नव्हते.

हे सगळं मी लिहून छापायला देतोय, यात मोठेपणा काही नाही. हीसुद्धा माझी जुनीच युक्ती आहे, गाडीरस्त्यानं डोंगर चढायची. दादा पेपराचं फक्त कुस्तीचं पान वाचतो आणि मिस्त्री पेपर हात पुसायला घेतात. वहिनी वाचतात. त्या वाचतील आणि कदाचित काही बोलणार नाहीत, कारण एकही फोड नसलेले पाय त्यांनी धुतले आहेत आणि त्यांना पाय ओळखू येतात. पण वहिनींना कळणं म्हणजे मी सांगणं नव्हे.

दादाची गाडी छान चालते. झाकणावरचा गुलाल आता फिकट झालाय. मधोमध भोक स्पष्ट दिसतं.

माझ्याकडून देणं आहे ते असं. जोतिबाचे चार खेटे आहेत. ते येत्या माघात पायांनी फिटतील, फोड येतील तेवढे येऊ देत. आणि मिस्त्रींना एक वाक्य द्यायचं आहे: झाकणाचं भोक मी बुजवलं होतं, तुमच्या हाताला काही झालेलं नाही. हे वाक्य त्यांच्या गॅरेजसमोर, दादा टायरवर बसलेला असताना, मोठ्या आवाजात द्यायचं आहे. ते मी अजून दिलेलं नाही.